आवाज अस्पष्ट

चष्म्याच्या दुकानात ती गेली होती ती स्क्रू आवळून घ्यायला. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. दुकानदार खणात बोटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर शोधत होता, ती काउंटरला टेकून उभी होती, आणि मागून आवाज आला, "म्हणजे नेमकं कसं?"

तिच्या अंगावर काटाच आला. हा आवाज ती गेले चार महिने रोज ऐकत होती, अगदी कानाच्या पडद्याला लागून. आवाजाचा मालक मात्र तिनं कधी पाहिला नव्हता.

एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मुलाखती ऐकायच्या आणि शब्दन् शब्द उतरवून काढायचा, हे तिचं काम. विषय होता एकटी राहणारी माणसं. शहरात अशी किती माणसं आहेत हे जनगणनेच्या छापील तक्त्यांतून कळलं होतं. त्यांचा दिवस कसा जातो, हे कोणत्याच तक्त्यात नव्हतं. म्हणून घरोघरी जाऊन प्रत्येकाशी तीन-तीन बैठका करायच्या ठरल्या होत्या. फिरणारे लोक ध्वनिमुद्रण तळमजल्यावरच्या पेटीत टाकून जायचे, तिथून ते वर तिच्याकडे यायचं. तिचे कान इतके तिखट होते की ऑफिसात तिला सगळे 'कानसेन' म्हणत. आणि या आवाजाला तिनं मनातल्या मनात 'प्र.' असं नाव ठेवलं होतं, कारण प्रत्येक प्रश्नाच्या आधी तेवढंच एक अक्षर तिला लिहावं लागे.

ती वळली. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, डोळ्यांवर भली मोठी गोल फ्रेम. दुकानदार खणात गुंतलेला बघून त्यानं तिलाच विचारलं, "ही चांगली दिसते ना?"

"त्यातला 'ना' काढा," ती म्हणाली. "उत्तर तुम्हीच प्रश्नात घालून दिलंत. समोरच्यानं बोलायचं काय?"

तो चमकून म्हणाला, "माझ्या सातव्या मुलाखतीच्या समासात कोणीतरी पेन्सिलीनं हेच लिहून पाठवलं होतं."

"कोणीतरी नाही. मी."

त्यानं फ्रेम काढली, पुसली, पुन्हा घातली. "बरं... ही फ्रेम कशी दिसते?"

"घुबडासारखी."

दोघंही हसले. त्यानं दुसरी फ्रेम घेतली.

दुसऱ्या दिवसापासून ध्वनिमुद्रण पेटीत पडायचं बंद झालं. प्र. स्वतः जिना चढून वर यायला लागला. कधी एखाद्या म्हाताऱ्याचा बोबडा शब्द सांगायला, कधी नुसतंच. मग कॅन्टीनमध्ये चहा, मग चहावर वाद. तो म्हणायचा, माणसाला भेटल्याशिवाय काही कळत नाही. ती म्हणायची, भेटल्यावर माणूस चेहऱ्याला भुलतो, आवाज तेवढा खोटं बोलत नाही. घरी ताई तिची मजा बघत होती. धाकटी हल्ली भांडी घासताना गुणगुणते, हे तिच्या केव्हाच ध्यानात आलं होतं, पण ती विचारत नव्हती. आपणहून बोलेल तेव्हा बोलेल, असा तिचा हिशेब.

आणि मग आली सव्वीस नंबर.

मुलाखत देणाऱ्यांची नावं लिहायची नाहीत, नंबर लिहायचा, असा नियम होता. सव्वीस नंबर घड्याळं दुरुस्त करणारी बाई होती. वडिलांचं दुकान तीच चालवायची, वरच्या खोलीत एकटीच राहायची. पहिल्या बैठकीत मागे पंचवीस-तीस घड्याळांची टिकटिक, आणि त्यातून वर येणारं तिचं हसणं. घशातून नाही, पार पोटातून. आणि तिच्या मागोमाग त्याचंही. पंचवीस मुलाखतींत तो असा एकदाही हसला नव्हता. कानसेननं मुद्रण मागे नेऊन तीनदा ऐकलं, आणि तिन्ही वेळा तिचं तोंड कडू झालं.

त्या संध्याकाळी ती ताईला म्हणाली, "काही बायकांना ना, हसायचं भानच नसतं."

"कोणत्या बायकांना?"

"अशाच... काही."

ताईनं नुसतं "हं" केलं आणि आमटीला फोडणी दिली.

दुसरी बैठक त्याहून वाईट. कानावर हेडफोन चढवून ती बसली होती. प्र. विचारत होता, दुपारची वेळ कशी जाते. सव्वीस नंबर बोलता बोलता थांबली. "तुमचं घड्याळ मागे पडतंय हो. हात द्या इकडे." मग शांतता. कापड सरकल्याचा आवाज. पट्ट्याचं बक्कल सुटल्याची बारीक 'टक'. "अगबाई, हात किती गार तुमचा..."

नुसतं ऐकण्याचा शापच हा, की जे दिसत नाही ते मन चितारत बसतं, आणि दिसण्याहून दहापट जास्त चितारतं.

मग सव्वीस नंबर म्हणाली, "तुम्ही मला एवढं विचारता, मी एक विचारू? घरी कोणी तुमची वाट बघणारं आहे?"

कानसेननं मुद्रण थांबवलं. हेडफोन काढून ठेवले. खिडकीशी गेली, परत आली. उत्तर ऐकायचं तिला धैर्य नव्हतं. तिनं मुद्रण चार मिनिटं पुढे सरकवलं. तिथं जेवणाच्या वेळांचा विषय चालला होता. तिथून पुढे तिनं बिनचूक उतरवून काढलं. मधल्या चार मिनिटांच्या जागी कंसात लिहिलं: आवाज अस्पष्ट.

सात वर्षांच्या नोकरीत तिनं केलेली ही पहिली लबाडी.

दुसऱ्या दिवशी प्र. वर आला तेव्हा त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. उन्हानं रापलेल्या हातावर पांढरा पट्टा तेवढा उठून दिसत होता. दुरुस्तीला ठेवलंय, तो म्हणाला, परवा आणायला जायचंय.

"जा की," ती म्हणाली. "इथं कशाला वेळ घालवता?"

"काही झालंय का?"

"मला काय होणार? माझी आपली टायपिंगची कामं पडली आहेत."

तो आल्या जिन्यानं खाली गेला. त्यानंतर आठवडाभर मुद्रण पुन्हा पेटीतून यायला लागलं. ती स्वतःवर चिडली, त्याच्यावर चिडली, आणि त्या न पाहिलेल्या बाईवर तर इतकी चिडली की रस्त्यात घड्याळाचं दुकान दिसलं तरी दुसऱ्या फुटपाथवरून जायला लागली.

नवव्या दिवशी मॅडमनी दोघांना खोलीत बोलावलं. मॅडम या अभ्यासाच्या प्रमुख. बोलायला हळू, पण नजर करडी. फिरणाऱ्यांनी मुलाखतीनंतर त्याच दिवशी वहीत टिपण लिहायचं असे, आणि मॅडम ती वही उतरवलेल्या मजकुराशी पडताळून बघत. एका साधनावर विसंबायचं नाही, ही त्यांची शिकवण.

"वहीत लिहिलंय की सव्वीस नंबरनं घड्याळं ठेवून घेण्याबद्दल काही सांगितलं. मजकुरात ते नाही, कंसात 'आवाज अस्पष्ट' एवढंच आहे. खरं कोणतं?"

प्र.नं तिच्याकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तो म्हणाला, "माझीच चूक असेल, मॅडम. मुद्रण बंद केल्यावर बोलली असेल ती."

तो खोटं बोलत होता. तिच्यासाठी. आवाज किंचित वर गेला होता, आणि हे तिच्याइतकं कोणाला कळणार होतं? तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"वही बरोबर आहे," ती म्हणाली. "आवाज स्पष्ट होता. मी गाळलं."

मॅडमनी का म्हणून विचारलं नाही. दोघांकडे एकेकदा बघून त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या की ती चार मिनिटं आत्ता उतरवून आणायची. आणि उद्याच्या तिसऱ्या बैठकीला हिनं टिपणं घ्यायला बरोबर जायचं. "जिचं बोलणं खोडलंस, तिला एकदा समोर बसून बघ. मग या नोकरीचं काय ते बोलू."

तिनं हेडफोन चढवले.

"घरी कोणी तुमची वाट बघणारं आहे?"

"नाही," प्र.चा आवाज. "कोणी नाही."

तिनं ते लिहिलं. पुढे सव्वीस नंबर म्हणत होती, "मग तुम्हाला सांगायला हरकत नाही. दुरुस्त झालेलं घड्याळ मी दोन दिवस मुद्दाम ठेवून घेते. तयार नाही म्हणते. माणूस दोनदा येतो." आणि हसली. या वेळी ते हसणं पोटातून नव्हतं.

कानसेननं ते वाक्य उतरवलं आणि कीबोर्डवर डोकं टेकून रडली. एकशे वीस पानांत बाई मनातलं असं एकच वाक्य बोलली होती, आणि नेमकं तेच तिनं पुसून टाकलं होतं.

दुकान अरुंद होतं. सव्वीस नंबर पस्तिशीची, केसांत दोन-चार पांढरे, एका डोळ्याला भिंग लावलेलं. भिंग काढून तिनं हसून खुर्ची पुढे केली, आणि कानसेनला कबूल करावं लागलं की बाई देखणी आहे. तिनं वही उघडली आणि मान खाली घातली. प्र. विचारत गेला, सव्वीस नंबर उत्तरं देत गेली. पण तिचे डोळे मधूनच त्याच्याकडून हिच्याकडे, हिच्याकडून त्याच्याकडे जात होते.

शेवटचा प्रश्न होता, या महिन्यात नव्यानं कोणी ओळखीचं झालं का?

"झालंय... असं वाटलं होतं," ती म्हणाली. मग हिच्याकडे बघून, अगदी मायेनं, "लिहा, लिहा. तसंच लिहा."

हिनं तसंच लिहिलं. निघताना बाईचा हात हातात घेऊन म्हणाली की मी पुन्हा येईन, कामाशिवाय. बाईनं मान हलवली, पण डोळ्यांत लगेच विश्वास नव्हता. तो नंतर बसला, कारण ही खरोखरच जात राहिली.

बाहेर संध्याकाळची गर्दी होती. दोघं चालत राहिली. बसचा थांबा आला, गेला.

"का गाळलंत?" त्यानं विचारलं.

"तुमचं उत्तर ऐकायचं नव्हतं मला." एकदा तोंड उघडल्यावर मग तिला थांबता येईना. "ती हसली की माझा जळफळाट व्हायचा. तुम्ही हसलात की त्याहून जास्त. मी कोण लागून गेले जळायला... पण जळत होते. आणि शेवटी ऐकलं ते उत्तर. कोणी नाही म्हणालात."

"खरंच सांगितलं मी."

"कळलं."

"नाही कळलं." तो थांबला. "तिनं विचारलं, माझी वाट कोणी बघतं का. कोणी बघत असेल हे मला खरंच माहीत नव्हतं. मी कोणाची वाट बघतो, हे तिनं विचारलंच नाही."

माणसं दोन्ही बाजूंनी वाट काढत पुढे जात होती. तिचा चष्मा घसरला. तिनं तो सावरला नाही.

"मग..." ती म्हणाली, "तू कोणाची वाट बघतोस?"

'तू' कधी आला तिलाही कळलं नाही. तो मात्र त्या एका अक्षरानं पार विरघळला. इतक्या लोकांना प्रश्न विचारणारा माणूस, पण उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा शब्द सापडेना. त्यानं नुसतं तिच्याकडे बघितलं. या वेळी तिला ऐकू काहीच आलं नाही, आणि तरी सगळं कळलं.

थोड्या वेळानं तिनं ताईला फोन लावला. नोकरीचं उद्या कळेल म्हणाली, मॅडम बहुतेक ठेवतील. मग जरा घुटमळली.

"ताई... आज जेवायला तिघं आहोत."

"बरं," ताई म्हणाली. "त्याला तिखट चालतं का, ते तेवढं विचार."