राकसाची उतरंड

लाईट गेली तर जाऊ दे. कंदील आत ठेव, डोळ्यांवर येतो. बस रे अक्षय, उठू नकोस. उद्या तू मुंबईच्या पाहुण्यांना उतरंडीवर नेणार आहेस, कळलं मला. ह्या गावात कुणाच्या पोटात काही राहतं का? ने बाबा. मी कोण अडवणारा? सगळी नोकरी मुरबाडच्या एस्टीत तिकिटं फाडण्यात गेली, दारात लोंबकळणाऱ्यानंसुद्धा माझं कधी ऐकलं नाही. पण जायच्या आधी बुधूचं ऐकून घे. ऐकीव नाही हे. बुधू माझ्या गाडीचा नेहमीचा माणूस होता, आणि त्या रात्रीचं मला त्याच्या बायकोनं, जिवलीनं, स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

सुरज बाहेरचा आहे, त्याला आधी सांगतो. आपल्या टोकावड्याच्या वर, रानात, ठाकरांच्या वाडीच्याही पुढे एक जुना दगडी ढीग आहे. चौकोनी थरावर थर, खाली रुंद, वर निमुळता. बायका मडक्यांची उतरंड रचतात ना, तसा. म्हणून राकसाची उतरंड. कुणी म्हणतं पडकं देऊळ, कुणी म्हणतं राक्षसाचं घर. त्या वाडीतला बुधूचा बाप लोकांना तिथं घेऊन जायचा, मग बुधू न्यायला लागला. सकाळी निघायचं, दगड दाखवायचे, गोष्टी सांगायच्या आणि ऊन डोक्यावर आहे तोवर परतायचं. अर्ध्या दिवसाची फेरी. त्याहून जास्त वेळ तिथं काढायचा नाही.

आणि एक रीत होती. उतरंडीवर गेलेल्या माणसाला नाव घेऊन परत बोलवावं लागतं. पाहुण्यांना वाटाड्या बोलवतो, खालच्या ओढ्यावर. स्वतः पलीकडे जायचं, वळायचं, एकेकाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "घरी चला." पाहुणा म्हणतो "आलो", आणि पाणी ओलांडतो. मग वाटाड्याला कोण बोलवणार? तर त्याच्या घरचं माणूस. ज्या चुलीवरचं तो खातो, त्या चुलीचं. ते वाडीच्या शिवेवर उभं राहतं, शिवेवरच्या ऐनाच्या झाडाखाली. ज्याचं नाव कुणी घेतलं नाही तो तिथंच राहतो, असं म्हणतात.

बुधूला त्याची आई बोलवायची. सकुबाई. काटक म्हातारी, आवाज असा की टोकावड्याच्या ढाब्यावरची कुत्री उठावीत. "बुधू, घरी ये रे!" आणि हा म्हणायचा, "आलो गो आये." मी स्वतः ऐकलंय. हसायचो आम्ही.

मग एका श्रावणात सकुबाई गेली. बुधूनं फेऱ्या बंद केल्या.

मग आले टिपणीस साहेब. ठाण्याचे, रिटायर्ड, जग हिंडलेले. इजिप्तचे पिरॅमिड पाहिले, मेक्सिकोचे पाहिले. ढाब्यावर बसून कुणाकडून तरी उतरंडीचं ऐकलं आणि ताडकन उठले. "अहो, आपल्याकडे पिरॅमिड आहे आणि कुणाला पत्ता नाही?" गर्दी नको, पोराटोरांचा ग्रुप नको. फक्त ते आणि वाटाड्या. तिकडे मेक्सिकोत म्हणे तसंच मिळतं, एकट्याला एक माणूस, अर्धा दिवस, हवं तिथं थांबतो, हवं ते सांगतो. चांगलं आहे. मेक्सिकोच्या वाटाड्याला त्याच्या घरी कोण बोलवतं, ते काही त्यांनी विचारलं नसणार.

बुधू आधी नको म्हणाला. साहेब परत आले. गोड बोलले. आपल्या माणसाला शहरातल्यानं दोनदा 'बुधूभाऊ' म्हटलं की तिसऱ्यांदा नाय म्हणायला जीभ उचलत नाही. हाच आपला रोग आहे.

आदल्या रात्री त्यानं जिवलीला विचारलं. "उद्या मला तू बोलव. घेशील ना नाव?"

जिवलीनं पदर तोंडात धरला. पोर होती ती, पदराला दोन वर्षांची रूपा. म्हणाली, "शी! मी कशी घेऊ तुमचं नाव?"

"एकदाच गो. आये नाय आता. दुसरं कोण हाय आपल्या चुलीचं?"

हसू नका रे. तुमच्या बायका आता फोनवर नवऱ्याला नावानं हाका मारतात. त्या वाडीत तेव्हा लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच नाव. नंतर घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. कुठल्या शहाण्यानं हे काढलं देव जाणे, पण जिवलीच्या हाडात बसलं होतं. एकीकडे नाव घेतलं तर नवऱ्याचा जीव जातो, दुसरीकडे नाही घेतलं तर नवरा येत नाही. सांगा, काय करायचं बाईनं? तरी ती म्हणाली, "घेईन." बुधूला बरं वाटलं. तो झोपला. तिला झोप आली नाही.

दोन हजार तीन साल. फेब्रुवारीची पहिली तारीख, शनिवार. पौषातली अमावास्या.

साहेब सकाळी यायचे होते, ते जेवून आले. त्यांना दुपारच्या उतरत्या उन्हात फोटो हवे होते. बुधू म्हणाला, "साहेब, आता नको, उद्याच्याला जाऊ." साहेब म्हणाले, "अरे, अर्धा दिवस तर अर्धा दिवस. सकाळचा काय नि दुपारचा काय." गेले. पुढचं साहेबांनी नंतर पोलीस पाटलाला सांगितलं ते असं, की बुधू चांगला वाटाड्या होता. कुठल्या थरावर पाय द्यायचा, कुठं नाही, सगळं सांगत होता. शेवटच्या थरावर मात्र स्वतः चढला नाही. साहेब चढले. बसलेसुद्धा. वरून ऊन कसं उतरतं ते पाहत बसले. बुधू खालून हाका मारत होता, "साहेब, चला... साहेब, वेळ झाली..." साहेबांना म्हणे आयुष्यात इतकी शांतता कुठं लाभली नव्हती.

ओढ्यावर आले तेव्हा दिवस बुडला होता. बुधूनं रीत केली. "टिपणीस साहेब, घरी चला." साहेब हसून म्हणाले "आलो", पाणी ओलांडलं, आणि खाली रस्त्याला त्यांची गाडी उभी होती तिकडे निघून गेले. रात्रीच्या जेवणाला ठाण्यात होते.

बुधू एकटा वाडीकडे वळला.

जिवली ऐनाखाली दुपारपासून उभी. रूपा कडेवर. शेजारी ठकी म्हातारी, बुधूची चुलती. सकुबाई गेल्यापासून घरात हिचंच चालायचं. ठकीला कुणकुण लागली होती की सून नवऱ्याचं नाव घेणार आहे. ती काय बुधूच्या काळजीनं आली नव्हती. जिवलीच्या तोंडावर पहारा करायला आली होती.

अंधार पडला. अमावास्येचा. मग खालून बॅटरीचा उजेड दिसला. वर चढत आला. शिवेपाशी आला आणि थांबला. दहा पावलांवर बुधू उभा. उजेड त्याच्या पायाशी.

जिवली म्हणाली, "अवो... या ना."

तो हलला नाही.

"नाव घे, जिवले."

तिनं तोंड उघडलं. ठकीनं मनगट धरलं. "गप! जीव घेतंस का त्याचा?"

"आये, ते उभे हायत तिथं..."

"उभा हाय तर येईल. पाय नाय त्याला? आजवर कुठल्या सुनेनं घेतलं नाव?"

"जिवले." आता त्याचा आवाज बारीक झाला होता. "माज्या मागं कोण तरी हाय. मी वळत नाय. तू नाव घे."

जिवली रडायला लागली. शब्द ओठापर्यंत यायचा. ठकीची नखं मनगटात. शेवटी ती ओरडली,

"रूपाच्या बा! घरी या!"



मग उत्तर आलं. "आलो."

बुधूचे ओठ हलले नव्हते. जिवलीनं बघितलं. पायाशी पडलेला बॅटरीचा उजेड खालून त्याच्या तोंडावर येत होता. त्याचं तोंड बंद होतं. डोळे तेवढे मोठे झाले.

बॅटरी विझली.

अंधारात पावलं वाजली. कुणीतरी शीव ओलांडली. तिच्या अगदी जवळून गेलं. गार वारा लागला... आणि पुढं, घराच्या वाटेला, वाडीतल्या दिव्यांच्या उजेडात बुधूची पाठ. तोच सदरा. तीच चाल.

ठकी म्हणाली, "बघ. आला का नाय?"

आला. चुलीपुढे बसला. जिवलीनं ताट वाढलं. जेवला. बोलला नाही. लाकडं ओली होती, धूर सरळ त्याच्या तोंडावर जात होता. डोळ्यांतून पाणी नाही. खोकला नाही. पापणीसुद्धा... नाही. रूपा रोज बापाच्या मांडीवर चढायची. त्या रात्री ती कोपऱ्यात, आईच्या मागं. रडलीही नाही. नुसती बघत होती.

रात्रभर तो तसाच बसला. जिवली तशीच.

फटफटायला लागलं. तिच्या मनात आलं ते तुमच्या मनात आलंच असेल. आता कसली लाज? कसलं आयुष्य? ती भिंतीला टेकली. हळूच म्हणाली,

"बुधू."

चुलीपुढच्यानं वर पाहिलं नाही.

"बुधू..."

नाही.

मग ती जोरात ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. "बुधू!"

आणि बाहेरून... लांबून... वरच्या रानातून...

"आलो गो... आलो..."

त्याचाच आवाज. थकलेला.

ती दाराकडे धावली. चुलीपुढे बसलेल्यानं तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. आणि मान हलवली. नाही, अशी. तिचा हात कडीवरून खाली आला.

...

पाणी दे रे जरा.

तिसऱ्या दिवशी तो गेला. ताप नाही, काही नाही. बसल्या जागी गार. चौघांनी उचलला तर वजनच लागेना, रिकामी कणगी उचलावी तसा. त्या चौघांत ठकीचा मुलगा नवशा होता. तो अजून ते बोलायला तयार नाही.

आता खरं कडू पुढेच आहे. जिवलीनं वाडीच्या पाया पडायचं तेवढं पडून घेतलं. म्हणाली, "त्याची जागा अडवून बसला होता तो गेला. आता जागा रिकामी झाली. मला शिवेवर जाऊ द्या. एकदा हाक मारू द्या, तो येईल. तो तिथंच हाय, मी ऐकलंय." आणि वाडी काय म्हणाली? पहाटेची तिची हाक सगळ्यांनी ऐकली होती ना. नवऱ्याचं नाव घेतलं, तिसऱ्या दिवशी नवरा मेला. झालं! ठकीनं दारोदार सांगितलं, "मी धरली होती तिला, तरी खाल्ला तिनं." माझा तेव्हाही संताप झाला होता, आताही होतो. ज्या बाईला वेळेवर बोलू दिलं नाही, तिलाच बोलली म्हणून खुनी ठरवलं. तिला शिवेवर पाय ठेवू दिला नाही. दुसऱ्या वाटेनं खाली आणली आणि रूपासकट माझ्या गाडीत बसवली. माहेर खर्डीकडे. चूल मोडून टाकली.

टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत माझ्या शेजारच्या सीटवर बसून तिनं मला हे सांगितलं. मध्येच थांबायची आणि खिडकीतून डोंगराकडे बघत म्हणायची, "बुधू... बुधू..." गाडीतल्या बायका कुजबुजायला लागल्या. मला म्हणाली, "भाऊ, आता दिवसभर घेते बघा नाव. तवा एकदाच घ्यायचं होतं."

पोरीला गोळ्या घेऊन दिल्या. तेवढंच.

साहेब? साहेब पुढल्या हिवाळ्यात पुन्हा आले. दोन मित्र घेऊन. मला स्टँडवर विचारलं, "तो बुधू नाही का दिसत? फार छान माणूस होता." मी म्हटलं, मेला. म्हणाले, "अरेरे. मग दुसरा कुणी आहे का नेणारा?"

आणि हे शेवटचं. बुधू गेला त्याच वर्षी भादव्यात, गणपतीला, नवशानं मला वाडीवर बोलावलं होतं. शिवेवरून गेलो. गवत कमरेएवढं, चहूकडे हिरवंगार, पाऊल ठेवायला जागा नाही. फक्त ऐनाच्या पलीकडे, रानाच्या बाजूला, गवतात दोन उघड्या जागा होत्या. शेजारी शेजारी. माणसाच्या तळव्याएवढ्या. माती घट्ट दाबलेली, एक पातं उगवलेलं नाही. टाचा डोंगराकडे, बोटं वाडीकडे. नवशाला म्हटलं, हे काय रे? तो दुसरीकडे बघत म्हणाला, "पावसाळा लागला तवापासून हाय. तिकडचं गवत आमी कापत नाय, कोणी जात पण नाय."

मी वाकून बघितलं. टाचेची माती वर होती. बोटांची बाजू खोल गेली होती. माणूस पुढे वाकून, कान देऊन, बराच वेळ उभा राहिला की जाते तशी.