नऊ हात

त्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं, पण वारा असा गार की उन्हात उभं राहूनही अंग शेकत नव्हतं. रस्त्यावरची धूळ उठायची आणि परत खाली बसायची. आभाळात एकही ढग नव्हता. हे आधी सांगतो, कारण पुढं जे झालं ते भर दुपारी झालं. अंधारावर, झोपेवर ढकलून द्यायला मला जागा नाही. वयावर ढकला म्हणाल, तर तिथं माझ्यापेक्षा तरणी तीन माणसं होती.

डबा घेऊन मी नेहमीसारखा कामावर निघालो. जुन्या पिक्चरची रिळं पुसायची, तुटलेली पट्टी जोडायची, मशीनवर चढवून दाखवायची, हे माझं काम. शाळेत गेलो नाही. अक्षरं शिकलो ती थेटरच्या पाट्यांवरून. थेटरं बंद पडली, मशीनं भंगारात गेली, आणि मीही त्यांच्यामागून जायचा, तेवढ्यात ‘पडेल पिक्चर’वाल्यांनी मला शोधून काढलं.

‘पडेल पिक्चर’ ठाऊक नसेल तर सांगतो. एका जुन्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत तिघं बसतात. मागून त्यांची डोकी तेवढी काळी दिसतात. समोर पडद्यावर एखादा जुना, सपाटून आपटलेला पिक्चर चालतो आणि हे तिघं त्याच्याशी बोलत बसतात. हिरोचा टोप सरकला की टोपाची विचारपूस करतात. पुठ्ठ्याची भिंत हलली की भिंतीला म्हणतात, बाई बसा, दमला असाल. या सगळ्याचं चित्रण होतं आणि दर आठवड्याला एक भाग निघतो. सुरुवातीला काळं कुत्रं बघत नव्हतं. मग वसतिगृहातल्या पोरांनी एकमेकांना दाखवला, आणि आता लोक त्यातली वाक्यं सदऱ्याच्या छातीवर छापून हॉलच्या दाराशी उभे असतात.

तिघांतले एक मास्तर, खरंच पूर्वी शाळेत शिकवायचे. दुसरा लांब्या, त्याची मान सावलीतसुद्धा ओळखू येते. तिसरी ताई. जीभ तिची सगळ्यांत तिखट, पण माझा चहा आला की नाही हे तीच बघते. तिघंही मला काका म्हणतात.

त्यांचे नियम दोनच. पिक्चर आधी कुणी बघायचा नाही, म्हणजे हसू ताजं राहतं. आणि एकदा मशीन सुरू झालं की काहीही होवो, थांबवायचं नाही.

त्या वेळचा पिक्चर भुताचा होता. चार डबे आले होते. वर लिहिलेलं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. आदल्या दिवशी मी ती रिळं तपासली, तर तिसरं रीळ दोन ठिकाणी फाटलेलं. मधला तुकडा उजेडाला धरून बघितला. सगळा काळा. चिखल, आणि चिखलातून वर आलेलं झाडाच्या मुळासारखं काहीतरी. एवढाएवढासा चौकोन तो, त्यात माझी नजर किती चालणार?

तुकडा मोजून ठेवला. मी पट्टी हातानं मोजतो, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. गंमत अशी की एक हात पट्टी म्हणजे पडद्यावर बरोबर एक सेकंद. मला घड्याळ लागतच नाही. तो तुकडा भरला नऊ हात. जुन्या पट्टीला आंबट वास येतो, याला ओल्या चिखलाचा येत होता. कुठल्या तरी तळघरात पडून असेल, असं म्हणून मी दोन्ही सांधे जोडले आणि हात धुतले. वास काही गेला नाही.

तर त्या दुपारी तिघं खुर्च्यांत बसले, मी मागं वरच्या खोलीत, बूथमध्ये, मशीन सुरू केलं. पहिली दोन रिळं गेली. काय चाललंय ते मी बघितलं नाही. बूथमधला माणूस पिक्चर बघत नसतो, रीळ बदलायच्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तो बघतो. खालून हसण्याचा आवाज येत होता, म्हणजे काम बरं चाललं होतं.

तिसरं रीळ लागलं. माझा जोड मशीनमधून जाताना तुटतो का, हे बघायला मी बूथच्या भिंतीतल्या भोकाला डोळा लावला.

पडद्यावर दलदल होती. तिच्यातून एक भूत वर आलं, अंगावर ताग आणि कापूस चिकटवलेलं. छातीपर्यंत वर आलं आणि परत खाली चाललं. मग त्यानं एक हात वर केला आणि जोरजोरानं हलवला.

“गेली हो बस,” लांब्या म्हणाला.

“पुढची येईल आता,” ताई म्हणाली. “सुटे काढून ठेवा.”

खाली तिघं फुटले. आणि मीही हसलो. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसलो.

हसताहसता एकदम थांबलो. कारण हाच विनोद मी पूर्वी एकदा केला होता. मनातल्या मनात, याच हाताकडं बघून.

तो माझा धाकटा भाऊ होता.

तेव्हा मी शूटिंगवर लाइटवाला होतो. धाकट्याला भुताचं काम मीच मिळवून दिलं होतं. स्टुडिओच्या मागं खड्डा खणून चिखल भरला होता, माणूस बुडेल एवढा. आत उभं राहायला लाकडी फळी. मी त्याला बजावलं होतं, दोन्ही हात वर म्हणजे भूत, एक हात वर म्हणजे तू. एक हात दिसला की मी दिवा बंद करीन आणि सगळे धावून येतील. दिग्दर्शकांनी मला बजावलं होतं, मी कट म्हणेपर्यंत दिवा हलला तर उद्यापासून येऊ नकोस.

फळी मोडली. त्यानं एक हात वर केला. मी बघितला. पण धाकट्याला एक खोड होती. रस्त्यानं जाताना, न थांबणाऱ्या बसला हात करायचा, बस गेली की मला म्हणायचा, दादा, ओळखलंच नाही तिनं मला. मी दिव्यामागं उभा राहून मनात म्हटलं, गेली रे बस. आणि हसलो. उजेड त्याच्या हातावर फार सुंदर पडला होता, तो मी तसाच धरून ठेवला.

दिग्दर्शक कट म्हणाले तेव्हा चिखलावर काही नव्हतं.

मी लाइटचं काम सोडलं, बूथमध्ये शिरलो. तो पिक्चर लागला तेव्हा मी गाव सोडून गेलो होतो. आपटला, असं ऐकलं. पुढं कुणीतरी नाव बदलून परत विकला असणार. ते नवं नाव मी स्वतः अक्षर लावून वाचलं होतं, आणि मला काही कळलं नव्हतं.

आता पडद्यावर तोच हात होता. माझ्या मनात एकच आलं, नऊ सेकंद. नऊ हात पट्टी आहे, आत्ता संपेल. मी मोजायला लागलो. सात, आठ, नऊ.

हात तसाच हलत होता.

लांब्यानं आणखी एक विनोद केला. ताईनं त्यावर एक. मग मास्तरांनी काहीतरी म्हटलं आणि कुणी हसलं नाही. वीस झाले. पट्टी अडकली म्हणावं, तर अडकलेली पट्टी दिव्याखाली क्षणात जळते. इथं चिखलाचे बुडबुडे येत होते, फुटत होते. मी वळून मशीन बघितलं. वरचं चाक फिरत होतं, खालचं चाक फिरत होतं. पण वरच्या चाकावरची पट्टी कमी होत नव्हती. बूथमध्ये चिखलाचा वास एवढा दाटला की श्वास घ्यायला जड जात होतं.

“काका...” खालून मास्तरांचा आवाज आला, हळू. “हे किती वेळ आहे?”

मी परत भोकाला डोळा लावला.

“काका, तो आपल्याकडं बघतोय,” ताई म्हणाली.

आपल्याकडं नाही. तिघांच्या डोक्यावरून, पार मागं, भिंतीतल्या भोकाकडं. उजेड येतो तिकडं. त्या दिवशी दिव्यामागं मी होतो आणि आजही दिव्यामागं मीच होतो. चिखलानं माखलेलं त्याचं तोंड हललं. पट्टीवर त्या जागी आवाज नाही, नुसती खरखर आहे. पण दोनच अक्षरं होती, आणि ती मला कुणी वाचून दाखवायला नको होती.

दिवा बंद कर, असं मी माझ्या हाताला सांगत होतो. हात उठला. मी खटका दाबला. मशीनचा दिवा विझला, बूथमध्ये काळोख झाला.

पडद्यावरचा उजेड तसाच होता.

मग मी भोकाला तोंड लावलं आणि इतक्या वर्षांपूर्वी जे म्हणायला हवं होतं ते म्हटलं.

“कट.”

पडदा काळा झाला. हात खाली जाताना कुणालाच दिसला नाही. होता तो वरच होता, आणि मग पडदाच गेला.

तिघं वर आले. लांब्याला दरवाजाची कडी सापडत नव्हती. मी जमिनीवर बसलो होतो. सगळं सांगितलं, आज तुम्हाला सांगितलं तसंच. ताई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मास्तरांनी खालच्या कॅमेऱ्यात झालेलं चित्रण लावून बघितलं. त्यात तो हात नऊ सेकंद होता. नऊ सेकंद, बसचा विनोद, तिघांचं हसू, आणि पुढं नुसता काळा पडदा. माझा आवाज त्यात नव्हता.

“मी शंभरपर्यंत मोजलं, काका,” ताई म्हणाली. “घाबरले की मी मोजते.”

मास्तरांनी तो भाग पुसून टाकला, माझ्यासमोर. आणि म्हणाले, तुकडा तुमचा आहे, तुम्ही ठरवा. त्याच्यावर परत कुणी हसू नये, एवढंच मला हवं होतं. मी कात्री घेतली आणि माझेच दोन्ही सांधे कापले. परत मोजलं. नऊ हात. गुंडाळून माझ्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि घरी घेऊन आलो. बसमध्ये डबा मांडीवर धरला होता. त्या दिवशी कंडक्टरनं मला दोन तिकिटं दिली, आणि मीही दोन्हींचे पैसे दिले.

घरी मी एकटाच असतो. डबा खिडकीत ठेवला, उजेड येतो तिथं. रात्री झोप चांगली लागली, याचंच मला नवल वाटलं.

सकाळी दूध आणायला गेलो. वारा पडला होता, ऊन अंगाला लागत होतं. परत येताना शेजारची सूनबाई तिच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती. चांगली मुलगी, येताजाता चौकशी करते. मला बघून ती कठड्यापाशी आली. तिच्या गच्चीतून माझी खिडकी समोर दिसते. एक डोळा तिकडं ठेवून, आवाज बारीक करून ती म्हणाली,

“काका, तुमच्याकडं कुणी आलंय का? तुम्ही गेल्यापासून ते खिडकीत उभे आहेत, एक हात वर करून. मला वाटलं मलाच करतायत, म्हणून मीपण हसून केला. पण त्यांनी हात खाली घेतलाच नाही... अजून तसेच उभे आहेत बघा.”