हितसंबंध : होय

पहिल्या भेटीत तो माझ्या कक्षाच्या दाराशी पालथा पडला होता. एक गाल फरशीला टेकलेला, एक डोळा मिटलेला आणि समोर रॅम्पवर ठेवलेली लेव्हलची पट्टी. माझा नोकरीचा पहिला दिवस. मला वाटलं, माणूस चक्कर येऊन पडला.

"अहो... पाणी आणू का?"

"नको. जरा बाजूला व्हा फक्त. उजेड अडतोय."

मी बाजूला झाले. तो उठला, शर्ट झटकला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तुमचा रॅम्प चुकलाय. फार चढा आहे. चाकाची खुर्ची मागे उलटेल."

"माझा? मी आजच आलेय!"

"मग आजपासून तुमचा," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे वर बघून हसला. त्याच्या गालावर फरशीची धूळ तशीच होती. पुसून द्यावी असं मला वाटलं, आणि असं वाटल्याचा रागही आला.

दारावर पाटी होती, 'समान संधी कक्ष'. जन्म, शरीर, भाषा किंवा गरिबी यांपायी या विद्यापीठात कुणी मागे ढकललं जात नाही ना, हे पाहणं माझं काम. आणि अशा कक्षाच्याच दारातून आत यायची सोय नव्हती! तो तिथे सुगम्यता समन्वयक होता, कंत्राटावर. अंध मुलांची पुस्तकं ऐकता येतील अशी करून देणं, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी वर्गात टिपणं लिहून देणारं माणूस शोधणं, दारं, जिने, उतार मोजणं, हे सगळं एकट्याने. हेडक्लार्क काका त्याला 'मोजपट्टी' म्हणायचे. महिन्याभरात माझंही बारसं झालं, 'नियमबाई'.

त्याला कारण होतं. मी आल्या आल्या एक नियम मंजूर करून घेतला : कुठल्याही पदाची मुलाखत समान संधी कक्षाची प्रमुख हजर असल्याशिवाय होणार नाही. कुलसचिवांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मोजपट्टीने मात्र मसुदा दोनदा वाचला.

"प्रमुख आजारी पडली तर? पर्यायी माणूस लिहा."

"पर्यायी म्हणून कोण बसेल माहितीये? कुलसचिवांचा कुणीतरी होयबा."

"तुम्ही आजारीच पडणार नाही?"

"नाही."

"आणि... प्रेमात?"

"तो काय आजार आहे?"

"मला काय माहीत. मी फक्त उतार मोजतो."

दोन वर्षं हे असंच चाललं. पाऊस आला की तो ओल्या फरशीवर पाय घसरतो का बघायला बाहेर पळायचा, आणि मी छत्री घेऊन त्याच्यामागे. छत्री एक, माणसं दोन, त्यामुळे त्याचा उजवा खांदा आणि माझा डावा खांदा कायम भिजलेला. तक्रारींच्या सुनावणीत मी आवाज चढवला की टेबलाखालून तो माझ्या चपलेला हळूच बूट लावायचा, म्हणजे, 'सावकाश'. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. पण बोलला मात्र काही नाही. एका शब्दाने नाही! कितीदा वाक्य सुरू करून "जाऊ दे..." म्हणत चहाचा कप धुवायला उठायचा.

"अगं, त्याच्या मनात आहे तरी का काही?" आई विचारायची.

"त्याचं त्यालाच माहीत."

"आणि तुझ्या?"

मी विषय बदलायचे. दुसऱ्यांच्या मनातले छुपे कल कसे ओळखावेत, यावर मी तासभर व्याख्यान देते. स्वतःच्या मनाकडे बघायला मला सवड नव्हती, असं म्हणूया.

त्याच्या कंत्राटाला सहा वर्षं पूर्ण होत आली होती. सहा वर्षांपुढे कंत्राट वाढवायचं नाही, असा विद्यापीठाचा कायदा. पण त्याच पदाची कायम जागा अखेर मंजूर झाली, जाहिरात आली, मुलाखत ठरली बुधवारी. कंत्राट संपणार होतं शुक्रवारी. सगळं कसं काठावर. घरी त्याची आई आणि कॉलेजात शिकणारी धाकटी बहीण, सगळ्यांची भिस्त त्याच्यावर. मुलाखतीसाठी नवा शर्टही बहिणीनेच निवडला होता.

मंगळवारी संध्याकाळी तो माझ्या दाराशी आला. आत आला नाही.

"उद्या झालं की... मला तुझ्याशी बोलायचंय."

"आज बोल ना."

"आज नाही."

"का? शब्द मोजून घ्यायचेत?"

तो हसला, नेहमीसारखा नाही. "उद्या दुपारी. नक्की," म्हणाला आणि गेला. भित्रा आहे झालं, असं म्हणून मी मनातल्या मनात त्याला चिडवत घरी गेले.

मुलाखतीआधी समितीतल्या प्रत्येकाला एक घोषणापत्र भरावं लागतं. उमेदवारांची यादी समोर, आणि खाली प्रश्न : यांपैकी कुणाशी आपले जवळचे वैयक्तिक संबंध आहेत का? होय, नाही. तो प्रश्नही मीच घातलेला. आधी त्यात 'रक्ताचं नातं' एवढंच होतं, मी हट्टाने बदलून घेतलं होतं.

चार नावं होती. तिसरं त्याचं.

मी पेन 'नाही'वर नेलं. खोटं नव्हतंच ते! त्याने काही म्हटलेलं नाही, मी काही म्हटलेलं नाही, हात हातात घेतलेला नाही. कुठल्याही चौकशीत टिकेल असं 'नाही'. आणि मग ते तिसरं नाव पुन्हा वाचलं, आणि मला तिथे खूण करता येईना. या माणसाला मी कमी गुण देऊ शकत नव्हते. त्याच्या जागी दुसरं कुणी निवडलं गेलं असतं तर मला रडू आलं असतं. दुसऱ्या कुणाचं असं घोषणापत्र मी खपवून घेतलं नसतं.

मी 'होय'वर खूण केली.

कुलसचिवांनी चष्मा वर केला. "बाई, खूण चुकीच्या चौकोनात झाली का?"

"नाही, सर."

"नात्यातले आहेत?"

"नाही."

"मग?"

"मला ते आवडतात."

खोलीत सहा माणसं होती. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

"म्हणजे तुम्ही बसू शकत नाही," कुलसचिव म्हणाले. "आणि तुम्ही नाही तर मुलाखत नाही. तुमचाच नियम." त्यांच्या आवाजात आनंद होता असं मला वाटलं. कदाचित नसेलही. पण कितीतरी महिने मी त्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होते, आनंद झाला असला तर हक्काचाच होता. तो नियम आजच्यापुरता बाजूला ठेवा, असं मी म्हणू शकले असते. ओठांवर आलंही. पण कुणासाठी? त्याच्यासाठी! मग मी पेन बंद केलं आणि उठले.

बाहेर बाकावर चौघं बसले होते. एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन दूरच्या गावाहून आली होती. माझ्याकडे बघून तो किंचित हसला, नवा शर्ट, केस पाण्याने बसवलेले. मी मान खाली घालून पुढे गेले. पाठोपाठ हेडक्लार्क काका बाहेर आले, आणि काकांच्या पोटात काही राहतं होय? मुलाखत रद्द झाल्याचं त्यांनी सांगितलं, आणि का, तेही. माझं त्याच्यावर प्रेम आहे हे त्याला हेडक्लार्क काकांकडून, तीन उमेदवारांच्या देखत कळलं.

दुपारी तो आला. ठरल्याप्रमाणे. या वेळी आत आला आणि दार लावलं.

"पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज," तो म्हणाला. "चार महिने तरी."

"मला माहितीये."

"मी मुद्दाम बोललो नव्हतो ग."

मला कळेना. "काय?"

"दोन वर्षं. मुद्दाम. ही जागा निघणार हे मला ठाऊक होतं. समितीत तू असणार, तुला तो कागद भरावा लागणार. तुला खरंखुरं 'नाही' लिहिता यावं म्हणून मी..." त्याने नव्या शर्टाची बाही दुमडली. "रोज घरी जाताना वाटायचं, सांगून टाकावं. रोज म्हणायचो, मुलाखत होऊ दे."

मी खुर्चीत बसले.

"खोटं लिहायला हवं होतं मी?"

"नाही. पण आठवडाभर आधी लिहायचं होतंस." त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "महिनाभर आधी! नियम बदलून पर्यायी माणूस नेमता आला असता. अर्ज कुणाकुणाचे आलेत ते तुला माहीत होतं. बुधवारी सकाळी दहा वाजता कळलं तुला, तुझ्या मनात काय आहे ते?"

बुधवारी सकाळी दहाच वाजता कळलं होतं.

"माझं आहे तुझ्यावर," तो एकदम म्हणाला. "प्रेम. आता बोलायला हरकत नाही. आता मी उमेदवार नाही." आणि तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिला.

मी उठून त्याचा हात धरला. त्याने धरू दिला. तळवा गार होता. मग बाहेर कुणीतरी दार वाजवलं आणि त्याने हात सोडवून घेतला.

शुक्रवारी तो गेला. दुसऱ्या शहरात एका छापखान्यात त्याला काम मिळालं, पगार निम्मा. आम्ही फोनवर बोलायचो, आधी रोज, मग एकाआड एक दिवस. बहिणीचं शिक्षण वर्षभर थांबलं, हे त्याने सांगितलं नाही, बहिणीने सांगितलं. मधल्या काळात मी नियम दुरुस्त करून घेतला, पर्यायी माणसासह. पुन्हा जाहिरात निघाली त्या दिवशी मी त्याला आनंदाने फोन लावला.

"अर्ज कर! मी समितीत नसेन, नियम बदललाय."

"तुझा 'होय' त्या फाइलीत आहे," तो शांतपणे म्हणाला. "मला जागा मिळाली तर विद्यापीठभर म्हणतील, बाईंनी लावून दिली. अंध मुलं सोडून बाकी सगळे. आणि तुझ्यासमोर तक्रार घेऊन येणारा प्रत्येक जण आधी हे आठवेल. तुझं काम संपेल तिथे."

"मग?"

"तू तिथे आहेस तोवर मी तिथे येऊ शकत नाही."

"आणि आपलं?"

"मी तुला काही मागणार नाही," तो म्हणाला. मग थांबला.

तो कशासाठी थांबलाय ते मला कळत होतं. 'मी सोडते ही नोकरी, मी येते तिकडे', एवढंच म्हणायचं होतं. माझ्यासाठी तो दोन वर्षं गप्प राहिला होता. माझ्या समोर टेबलावर सतरा तक्रारी होत्या. त्यातल्या चार मुली मी आहे म्हणूनच बोलायला धजल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर, केवळ त्या मुलींसाठी नाही... मला ती खुर्ची आवडत होती. माझी होती ती.

फोनमधून छापखान्याच्या यंत्राचा आवाज येत होता. एक पान, दुसरं पान, तिसरं. तो वाट बघत राहिला. मी वरची तक्रार पुढे ओढली.

"बरं," तो अखेर म्हणाला. "कळलं."

"जेवलास का?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.