दुपारचा लाल ठिपका

कोनापुऱ्यांच्या घरात जेवणं उरकली की सगळ्यांचे डोळे कृत्तिकाच्या मनगटाकडे लागायचे. तिथे एक राखाडी पट्टा होता आणि पट्ट्यावर तुरीच्या डाळीएवढा दिवा. पोरगी साडेबाराला सकाळच्या शाळेतून यायची, ज्वारीची भाकरी, आमटी आणि भाजी जेवायची, आणि अडीचच्या सुमाराला तो दिवा लाल व्हायचा. आठवड्यातले सहा दिवस हाच प्रकार; रात्री ती नुसता दूधभात खायची, तेव्हा दिवा हिरवाच. लाल दिवा दिसला की पोरगी बाही खाली ओढून पट्टा झाकायची, जसं काही तिनेच काही केलंय.

कृत्तिकाला गहू चालत नव्हता. गव्हातला ग्लूटेन नावाचा चिकट भाग पोटात गेला की तिचं शरीर त्याला शत्रू समजून स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करायचं. तिची आई शैलजा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायला होती, त्यामुळे डॉक्टरांनी आतड्याचं चित्र दाखवलं तेव्हा तिला ते लगेच कळलं. निरोगी आतड्याला आतून टॉवेलसारखे बारीक फासे असतात, म्हणून ते अन्नरस शोषून घेतं. कृत्तिकाचे फासे झडून गेले होते आणि नुसतं सपाट कापड उरलं होतं. अकरा वर्षांच्या पोरीचं वजन बावीस किलो होतं ते त्यामुळे.

यावर आता औषध निघालं होतं. सहनलस. शरीराला ग्लूटेन ओळखीचा करून देणारी लस, एकदाच टोचायची. पण ती घेण्याआधी आतडं सलग साठ दिवस स्वच्छ हवं, नाहीतर लस उलटते. आणि ती बाराव्या वाढदिवसाच्या आत द्यावी लागते, कारण त्यानंतर छातीतली थायमस ग्रंथी आक्रसत जाते आणि शरीर नवं काही शिकायला तयार होत नाही. साठ दिवस खरंच स्वच्छ गेले का, हे कळावं म्हणून ही लस देणाऱ्या सहजान्न केंद्राने मुलांना शेंगदाण्याएवढी एक गोळी गिळायला दिली होती. ती आतड्याला चिकटून बसायची आणि ग्लूटेनचा कण दिसला की पट्ट्याला कळवायची. तिचं नाव ठेवलं होतं पहारेकरी.

वाढदिवसाला ऐंशी दिवस उरले होते, आणि कृत्तिकाचे सलग दोन दिवससुद्धा हिरवे झाले नव्हते.

"यंत्र खोटं बोलत नाही, ताई," केंद्रातले डॉ. वैरागकर म्हणाले. त्यांनी पडद्यावर आलेख उघडला. रोज दुपारी अडीचला एक लाल ठिपका, एका रेषेत, शिस्तीत उभ्या केलेल्या पोरांसारखा.

"सहा महिने झाले, घरात गव्हाचा दाणा नाही," शैलजा म्हणाली. "गिरणीत दुसऱ्याचं पीठ लागेल म्हणून घरघंटी घेतली. तुमची चार हजार पदार्थांची यादी भिंतीला लावलीय. बिस्किट नाही, शेवया नाहीत, सोया सॉससुद्धा नाही."

"दुपारी तिला जेवायला कोण वाढतं?"

"माझ्या नणंदबाई. मी कामावर असते."

"मग हे सोमवार बघा." त्यांनी बोट ठेवलं. प्रत्येक सोमवारी ठिपका हिरवा होता. "सोमवारी तुमच्याकडे काय असतं?"

"महादेवाचा वार ना. अक्कांचा उपवास असतो. त्यांचं बघून पोरगीपण धरते. साबुदाणा खातात दोघी."

डॉक्टर समजूतदारपणे हसले. त्या हसण्याचा शैलजाला पुढे फार संताप आला, पण त्या वेळी ते तिला पटलं. "उपवासाच्या दिवशी देवाची भीती असते. बाकीचे दिवस मायेपोटी कोणीतरी चतकोर चपाती भरवतं. दहातल्या नऊ घरांत हेच निघतं. पुढच्या सोमवारी मला फाईल बंद करावी लागेल. लसीची ही जागा दुसऱ्या मुलाला देता येईल."

शैलजा घरी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात गेली. महानंदाअक्का परातीत भाकरी थापत होत्या. नवऱ्याची ही थोरली बहीण वीस वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरी आली, माहेरचंच आडनाव लावू लागली आणि तेव्हापासून हे घर तिच्या हातचं जेवत होतं. कृत्तिका झोपायची तीसुद्धा आत्याजवळ.

"अक्का, तुम्ही पोरीला चोरून चपाती देता का?"

अक्कांचा हात परातीत थांबला. "कोण म्हणलं?"

"यंत्र म्हणतंय. सोमवारी तेवढं देत नाही तुम्ही. देवाला भिता, आणि पोरीच्या जिवाला भीत नाही?"

हे वाक्य बोलायला नको होतं, हे तिला बोलता बोलताच कळलं. पण चिडलेल्या माणसाला थांबता येत नाही, आणि शैलजा सहा महिन्यांची चिडलेली होती. ती आणखी बोलली. तुम्हाला मूल नाही म्हणून तुम्हाला कळत नाही, असंही बोलली. तिचा नवरा बसवराज दारात उभा राहून हे ऐकत होता. मधे पडायचं धाडस काही त्याला झालं नाही.

अक्कांनी तव्यावरची भाकरी भाजून टोपलीत ठेवली, हात धुतले आणि पिशवी भरली. बार्शीला त्यांचे धाकटे भाऊ होते. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "तिच्या पोटात दुखलं तर ताकात हिंग घालून दे. कोमट दे, गार देऊ नको."

दुसऱ्या दिवशी शैलजाने रजा टाकली आणि स्वयंपाक स्वतः केला. भाकरी तिने थापली, आमटी तिने फोडणीला घातली, ताटासमोर राखणीला बसावं तशी बसून राहिली. अडीच वाजले. दिवा लाल झाला.

तिने कृत्तिकाचं दप्तर जमिनीवर उपडं केलं. कंपासपेटी उघडली, वह्या झटकल्या, खिसे उलटे केले. सापडलं काहीच नाही.

"शाळेत काय खाल्लंस?"

"काहीच नाही, आई."

"खोटं बोलू नको."

"खरंच नाही गं."

शैलजाने तिला थोबाडीत मारली. बावीस किलोच्या पोरीला. पोरगी रडलीसुद्धा नाही, फक्त पोट धरून भिंतीला टेकली. तेव्हा शैलजाने घाईघाईने ताक कोमट केलं, त्यात दोन चिमटी हिंग घातला आणि ते तिला पाजलं. चार वाजता दिवा पुन्हा लाल झाला, आणि या वेळी दुपारपेक्षा जास्त वेळ लाल राहिला.

मग मात्र शैलजा शांत झाली. राग गेला नव्हता, त्याने फक्त बसायला जागा शोधली होती. गेल्या दीड तासात पोरगी तिच्या नजरेसमोरून हलली नव्हती आणि ताकाशिवाय काही प्यायली नव्हती.

कारखान्यात टॉवेलवर एकाच जागी रेघ यायला लागली तर कोणी अख्खा माग खोलून बसत नाही. चांगला टॉवेल आणि वाईट टॉवेल शेजारी ठेवायचे आणि फरक कोणत्या धाग्यात आहे तो बघायचा. शैलजाने कागदावर दोन रकाने आखले. एकात सोमवार, दुसऱ्यात बाकीचे दिवस. सोमवारी साबुदाणा, दाण्याचं कूट, जिरं, तूप, मिरची. इतर दिवशी ज्वारी, तूरडाळ, भाजी आणि फोडणी. फोडणीत मोहरी, हळद, हिंग. हिंग उपवासाला चालत नाही. ताकात मात्र फक्त हिंग होता.

तिने डबी उचलली. वीस वर्षं याच छापाची पिवळी डबी या घरात येत होती. वरती मोठ्या अक्षरांत बांधणी हिंग असं लिहिलेलं, आणि तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: खाण्याचा डिंक, गव्हाचे पीठ, हिंग.

अस्सल हिंग इतका उग्र असतो की तो तसाच वापरता येत नाही. म्हणून तो पिठात बांधतात. हे छापलेलं होतं, कोणी लपवलेलं नव्हतं. पण हिंगाच्या डबीचा तळ वाचतं कोण? पोट दुखलं की हिंग, वायू धरला की हिंग, तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती हिंग. पोरीचं पोट जितकं दुखायचं तितका अक्का हिंग वाढवायच्या आणि तितका दिवा लाल व्हायचा. माणूस मायेने करत होता तेच यंत्र गुन्हा म्हणून नोंदवत होतं.

डबी तिने घराबाहेर काढली, मिसळणाचा डबा घासला, फोडणीचं पळं बदललं. पुढचे चार दिवस हिरवे गेले. पाचव्या दिवशी, सोमवारी, ती डबी घेऊन केंद्रात गेली. वाढदिवसाला आता चौऱ्याहत्तर दिवस होते.

डॉ. वैरागकरांनी डबीचा तळ वाचला, मग चष्मा काढून पुन्हा वाचला. "यादीत नाही हे," ते म्हणाले.

"कुठे बनली यादी?"

"मूळ कंपनीकडून येते. तिकडे हिंग खात नाहीत."

"पण तुम्ही इथलेच ना? तुमच्या घरी आमटीत काय घालतात?"

डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. आमटी कशाने फोडणीला घालतात हे त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. यंत्र वाचायला सात वर्षं शिकलेला माणूस, आणि रोज दोन वेळा जेवतो ते काय, याचा पत्ता नाही.

"हा दुपारचा ठिपका आणखी कोणाच्या आलेखावर आहे?" शैलजाने विचारलं.

ते टाळायला बघत होते. ती उठली नाही. शेवटी त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. नावं झाकलेली होती. एकशे सत्तेचाळीस मुलं, आणि प्रत्येकाच्या रेषेवर दुपारचे तेच बारीक ठिपके. त्यातल्या त्रेसष्ट फायली बंद झालेल्या. कारणाच्या रकान्यात एकच मजकूर, त्रेसष्ट वेळा: पालकांकडून नियमभंग.

"तुम्हाला हे दिसत होतं," शैलजा म्हणाली. "एवढ्या घरांत एकाच वेळी, एकसारखी चोरी. तुम्हाला एकदाही वाटलं नाही की हे चुकतंय?"

"आम्ही प्रत्येक फाईल स्वतंत्र बघतो, ताई."

"मग आता कळवा सगळ्यांना."

"त्यांनी अर्ज करायला हवा. पुराव्यासह."

"कशाचा अर्ज? त्यांना माहीतच नाही काय झालं ते. मला नावं द्या, मी सांगते."

"नावं गोपनीय असतात. आणि त्यातल्या बऱ्याच मुलांना आता बारा पूर्ण झालीत." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या मुलीची फाईल मात्र मी आज उघडी ठेवू शकतो. फक्त हा नमुना भरून आणा. संध्याकाळी पाचपर्यंत. मजकुरात बदल केला तर प्रणाली घेत नाही."

नमुन्यावर चार ओळी होत्या. आहारातील चूक घरच्या निष्काळजीपणामुळे झाली, केंद्राचा त्यात दोष नाही. खाली सहीसाठी जागा होती, आईची नाही, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची. सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदणीत शैलजानेच तिथे नाव लिहून दिलं होतं. महानंदा कोनापुरे.

तो कागद फाडून त्यांच्या टेबलावर टाकावा, असं तिला फार वाटलं. पण मग पोरीचं काय? कागद घडी घालून तिने पर्समध्ये ठेवला आणि बसवराजला घेऊन मोटारसायकलवर बार्शीचा रस्ता धरला.

अक्का ओसरीवर मटकी निवडत होत्या. शैलजा त्यांच्या समोर खाली बसली. तिने डबी दाखवली, कागद दाखवला, त्रेसष्ट फायलींचं सांगितलं. कृत्तिकाला मारलं तेही सांगितलं. "माझं चुकलं, अक्का," ती म्हणाली. "हा कागद खोटा आहे. तुम्ही सही केली नाही तरी मी काही बोलणार नाही."

अक्कांनी कागद हातात घेऊन सावकाश वाचला. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, वेळ लागला.

"सही केली की पोरीला लस मिळते ना?"

"मिळते."

"मग पेन दे."

सही करून त्यांनी कागद परत दिला. बसवराजने गाडी चालू केली, पाचला अडीच तास होते. शैलजा उठायला लागली तेव्हा अक्कांनी तिचा हात धरला.

"त्या त्रेसष्ट घरांतबी कुणावर तरी आळ आला असंल," त्या म्हणाल्या. "आजी असंल, काकू असंल, माझ्यासारखी एखादी असंल. घरातनं काढलं असंल तिला. तू मला सांगायला आलीस, शैला. तिला कोण सांगणार गं?"