टाकीतलं मीठ

समुद्राचं पाणी घरी करता येतं, असं लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आता हात आपोआप चालतात. निळ्या पिंपात फिल्टरचं पाणी भरायचं, मूठमूठ करत सागरी मीठ सोडायचं, आत छोटा पंप आणि हिटर टाकून दुसऱ्या दिवसापर्यंत घुसळत ठेवायचं. घाई करून सगळं मीठ एकदम ओतलं तर तळाशी पांढरा थर बसतो आणि तो मग कशानेच हलत नाही. शेवटी मीटर लावायचा. एखाद्या खेळण्यातल्या दुर्बिणीसारखा दिसतो तो. काचेवर थेंब टाकायचा, झडप मिटायची, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत वर निळं, खाली पांढरं. मधली रेषा पस्तिसावर आली की समुद्र तयार. साध्या पाण्याला ती पार तळाशी, शून्यावर जाऊन बसते.

समुद्री माशांची ही काचेची टाकी नवऱ्याची. कामासाठी तो काही महिने दुसरीकडे गेला आणि टाकी मागे राहिली.

"ह्या घरात छंद पुरुषांचे आणि फडकं बायकांच्या हातात," सासूबाई म्हणाल्या. "ह्याच्या वडिलांनी कबुतरं पाळली होती. तेव्हा मी शिडीवर चढून काय काय खरवडलंय, ते तू विचारूच नकोस."

मी विचारलं नाही. माझ्याकडे माझं होतं. टाकीला स्किमर नावाचं एक यंत्र आहे. ते पाण्यातला मळ फेसाबरोबर वर काढून एका कपात साठवतं. तपकिरी, दाट, तेलकट. फुलदाणीत आठवडाभर कुजलेल्या देठांचा वास येतो त्याला. कप धुताना मी तोंडाने श्वास घ्यायची, मग ते तोंडात जात असेल असं वाटून श्वासच घ्यायची नाही. नंतर कोपरापर्यंत साबण, आणि मगच ठमीला हात.

ठमी दहा महिन्यांची. खालचे दोन दात नुकतेच आलेले. रांगत थेट टाकीपाशी जायची आणि काचेला तोंड लावून बसायची. आत माशांची जोडी तिच्यासमोर येऊन थांबायची. मी काच पुसायची, तिचं तोंड पुसायची, ती परत तिथेच.

टाकीतलं पाणी उडून पातळी खाली गेली की ओसंडायची नळी गुडगुडते. "तिला तहान लागली, पाणी घाल," नवरा म्हणायचा. आणि ठमी रडली की, मी घरात कुठेही असले तरी, उठायच्या आतच मला पान्हा फुटायचा. शेजारचं बाळ कितीही किंचाळलं तरी काही नाही. फक्त ठमी. मला त्याचा गुपचूप अभिमान होता. मी घाबरट आई आहे, झोपेतही तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. पण निदान ह्या एका गोष्टीत माझं शरीर चुकत नव्हतं.

जुनं पाणी काढायच्या नळीला एक रबरी फुगा असतो. तो दाबला की पाणी ओढलं जातं. त्या दिवशी तो चिरला. मी नवऱ्याला फोन लावला.

"अगं, तोंडाने ओढ ना. पाणी वर येताना दिसलं की बोट लाव आणि नळी बादलीत सोड."

"शी!"

"मी कितीदा ओढलंय. मेलो का?"

नळीचं एक टोक मी वाळूत खुपसलं, दुसरं दातांत धरलं. वाळूखालचा सगळा गाळ उठला. नळीतून पिवळट पाणी वर चढताना मी बघत होते, आणि नेमकी तेव्हा आतल्या खोलीत ठमी रडली. छाती भरून आली, मी दचकले, आणि तोंडभर पाणी आलं. खारट, कोमट. त्यात काहीतरी मऊ होतं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. थुंकायच्या आत ते घशाखाली घसरलं. अगदी सहज, त्याला वाट माहीत असल्यासारखं.

मी चुळा भरल्या, जीभ ब्रशने घासली, ओकायचा प्रयत्न केला. काही आलं नाही. ठमी हुंदके देत होती. मी तिला पाजायला घेतलं.

दोनतीन दिवसांनी कप धुवायला काढला तर आतला मळ पांढरा होता. गुठळ्या गुठळ्या. वास ओळखीचा होता, पण कुठला ते लक्षात येईना. सासूबाई मागून आल्या आणि त्यांनी पदर नाकाला लावला.

"दूध ओततेस की काय गं माशांना?"

"मी कशाला ओतू?"

"मग हे ओकलेल्या दुधासारखं काय आहे?"

माझ्या खांद्यावरच्या फडक्याला तोच वास होता. ठमीने बाहेर काढलेल्या दुधाचा. दोन्ही आळीपाळीने हुंगून बघितली. कप मी गरम पाण्याने धुतला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भरला.

मग मीठ उतरायला लागलं.

"उतरणार कसं?" नवरा फोनवर म्हणाला. "पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. वाढलं असेल."

"कमी झालंय."

"काचेवर बुडबुडा असेल. पुसून बघ."

"पुसला. दोनदा बघितलं."

"मग तूच पितेस वाटतं," तो हसला. मी हसले नाही.

मी पिंपात नवं पाणी केलं, पस्तिसावर आणलं, टाकीत घातलं. सकाळी रेषा पुन्हा खाली. टाकीला भेग नव्हती, फरशी कोरडी होती. जमिनीवर पालथी पडून मी टाकीखालचं लाकूडसुद्धा चाटून बघितलं, आणि मग आपण काय केलं ह्याची शिसारी येऊन कितीतरी वेळ नळाखाली तोंड धरून उभी राहिले.

ठमीने पिणं सोडलं. तोंडाशी धरलं की मान फिरवायची, जणू मीच घाणेरडी होते. वाटीतलं दूध, कुस्करलेलं केळं, सगळं थुंकायची. "दात येतायत," सासूबाई म्हणाल्या. पण ती किरकिर करत नव्हती. तिचे गाल तर भरले होते. आंघोळ घालताना तिच्या मानेच्या वळ्यांत मला पांढरी भुकटी दिसली.

"पावडर लावलीत का हिला?"

"मी? पावडरचा डबा तर केव्हाच संपलाय."

बोटावर घेऊन जिभेला लावली. मीठ.

डॉक्टरांकडे नेलं. मुलांना खारट घाम येण्याचा एक आजार असतो, हे मी वाचून गेले होते. त्यांनी तपासण्या केल्या. सगळं चांगलं आलं. "वजनही छान वाढलंय," काट्याकडे बघत ते म्हणाले. "बाळाची काळजी सोडा. झोप तुम्हाला हवी आहे."

"ती काही खातच नाही, डॉक्टर."

"असं कसं? कुठून तरी पोटात जातंच आहे ना?"

घरी आल्यावर मी तिला खाली ठेवलं. ती रांगत टाकीपाशी गेली, काचेला तोंड लावलं आणि डोळे मिटले. गाल आत जात होते, बाहेर येत होते. पूर्वी माझ्याकडे प्यायची तसे.

मी तिला उचलून सासूबाईंकडे दिलं आणि काचेवरची लाळ पुसायला बसले. फडकं ओलं झालं, पण डाग गेला नाही. नखाने खरवडला. गेला नाही.

तो आतून होता.

आतल्या काचेवर शेवाळाची हिरवी साय धरलेली असते. त्यात एक गोल चाटून स्वच्छ केलेला होता, ठमीच्या तोंडाएवढा. त्याच्या खालच्या कडेला दोन बारीक चरे होते, शेजारी शेजारी. गोगलगायी शेवाळ खातात, त्यांची अशी खूण उमटते. मी हे स्वतःला मोठ्याने सांगितलं.

"कुणाशी बोलतेस?" सासूबाईंनी आतून विचारलं.

मासे त्या गोलाला तोंड लावून उभे होते. चांगले फुगलेले. मी टाकीतला थेंब मीटरवर घेतला. रेषा तळाशी होती. साध्या पाण्यात हे मासे काही तासांपलीकडे जगत नाहीत.

मी नवऱ्याला फोन लावला. "मी टाकी रिकामी करतेय. आज. आत्ता."

"अगं, पण झालं काय?"

मी फोन ठेवला.

नवा रबरी फुगा आणला होता. नळी सोडली, बादल्या भरत गेले. पाणी मोरीत ओतताना पांढुरकं दिसत होतं, आणि मोरीभर तो गोड, आंबूस वास. शिंतोडा ओठावर उडाला. खारट नव्हता. मी तिथेच वाकून ओकले.

पाणी निम्म्यावर आलं आणि ठमी किंचाळायला लागली. सासूबाई तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होत्या. "अगं, भूक लागली असेल. बघ एकदा घेऊन. ती बादली नंतर."

मी नळी काढली, हात धुतले, तिला घेऊन आतल्या खोलीत बसले. तिच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. मीटर माझ्या खिशात होता.

आधी मी माझी थुंकी काचेवर घेतली. रेषा जवळजवळ तळाशी, असायला हवी तशी. काच पुसली, कोरडी केली. मग ठमीच्या हनुवटीवरचा थेंब.

खिडकीकडे धरून डोळा लावला.

पस्तीस.

काच पुन्हा पुसली. पुन्हा थेंब घेतला.

पस्तीस. नेमकी रेषेवर.

ठमी माझ्या मांडीवर रडत होती. तोंड उघडं, चेहरा लाल, दोन दात, मुठी वळलेल्या. मी तिला छातीशी धरलं आणि वाट बघितली. माझी ठमी. ती रडत राहिली, मी वाट बघत राहिले. कुर्ता कोरडा होता.

मग हॉलमध्ये निम्म्या रिकाम्या टाकीची ओसंडायची नळी गुडगुडली, एकदा, हळूच.

आणि मला पान्हा फुटला.