कोळशाच्या लॉरीचा सोबती

लढाईच्या दिवसांतली गोष्ट, बरं का. पेट्रोल औषधालाही मिळेना, म्हणून शेटजींनी लॉरीच्या पाठीला कोळशाची टाकी बसवून घेतली. टाकीत कोळसा धुमसायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालायचं. तेही त्याची लहर असली तर.

पितांबर ती लॉरी घेऊन रनाळ्याला, आपल्या घरी निघाला होता. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर छबूबाईला मुलगा झाला होता. आज आठवा दिवस, आणि बापाने अजून तोंडही पाहिलं नव्हतं. त्याने फक्त निरोप धाडला होता, की बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवा, पण खिडकी उघडी असू द्या.

त्याला कारण अनीस. लॉरीवरचा त्याचा दहा वर्षांचा जोडीदार. गेल्या थंडीत काचा चढवून तो केबिनमध्ये निजला, मागे टाकी धुमसतच होती. त्या मेल्या गॅसला ना रंग, ना वास. अनीस सकाळी उठलाच नाही. तेव्हापासून या लॉरीवर कुणी यायला तयार होईना, आणि पितांबरलाही दुसरं कुणी नको होतं. एकट्यानेच बोलायची सवय लागली होती बिचाऱ्याला.

दिवस मावळता मावळता, ओसाड रस्त्यावर, लॉरी बंद पडली. आता हे काम दोघांचं. एकाने मागे पंखा फिरवून निखारे फुलवायचे, दुसऱ्याने पुढे नळीला काडी लावून ज्योत धरते का बघायचं. पितांबर पंखा फिरवून पुढे धावे, तोवर गॅस संपलेला. असं चारदा झालं. हात भरून आले. लांबवर माणूस नाही, कुत्रं नाही. शेवटी तो रस्त्यातच बसला आणि चक्क रडला.

तेवढ्यात मागे पंखा फिरायला लागला. घर्र… घर्र…

"कोन शे?"

"काडी लाव…"

आवाज ओळखीचा होता. पितांबरच्या अंगावर काटा आला, पण त्याने काडी लावली. निळी ज्योत उभी राहिली. हँडल मारताच इंजिन सुरू झालं. तो आत बसला, तसं पलीकडचं दार उघडून लागलं आणि शेजारची सीट दबली. त्याने मान वळवली नाही. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं.

"थंडी वाजी ऱ्हायनी रे… काच वर कर…"

"काच नही रे भाऊ," पितांबर म्हणाला. "घर चाल. तठे शेगडी शे, शेकजो."

गाव आलं तेव्हा सीट रिकामी होती.

दाई अंगणात पाणी तापवत होती. घरात कुणी आलेलं तिने पाहिलं नव्हतं. पितांबर धावतच खोलीत शिरला. शेगडी धुमसतेय, खिडकी बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. त्याने खिडकी धडाधड उघडली, छबूबाईला गदागदा हलवलं. तिने जड डोळे कसेबसे उघडले.

"पोऱ्या कोठे शे?"

ती ग्लानीतच हसली. "खिडकी तुम्हीच ना बंद करी आते… म्हनात, थंडी वाजी ऱ्हायनी, पोऱ्याले मन्हा हातमा दे… दिधा ना मी तुम्हाले."

पितांबरने आपल्या हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते.