मानाची पहिली सायकल

मला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. रस्ता तोच, वारा तोच, सगळ्यांचा वेगही तोच. मग पाण्याच्या केंद्रावर पोचल्यावर मी गाणं गुणगुणत सायकल लावायची आणि नलूआत्या मात्र भिंत धरून धापा टाकत उभी राहायची, असं का?

पेट्रोल संपून बरीच वर्षं झाली होती. बॅटऱ्या फक्त दवाखान्याच्या गाड्यांना मिळायच्या. त्यामुळे आमची अख्खी वस्ती सायकलने माळ ओलांडून जलशुद्धी केंद्रावर (जिथे घाण पाणी पिण्याजोगं करतात) कामाला जायची. माझी शाळाही तिथल्याच आवारात. धुळीचं वादळ उठायच्या आत पोचावंच लागायचं, नाहीतर माळावर श्वास कोंडून माणूस मरायचा. म्हणून आम्ही एकामागे एक, अगदी जवळजवळ जायचो. खड्डा दिसला की पुढच्याने हात दाखवायचा, कुणाची चेन पडली की सगळ्यांनी थांबायचं. आणि सगळ्यांत मोठी रीत म्हणजे, वयाने थोर माणूस सर्वांत पुढे! त्याला मागे टाकणं म्हणजे अपमान.

आधी हा मान दामूअण्णांचा होता. गेल्या हिवाळ्यात ते केंद्राच्या फाटकापाशी सायकलवरून कोसळले, ते उठलेच नाहीत. "वय झालं होतं," सगळे म्हणाले. मग मान आत्याकडे आला. धुळीने तिची फुप्फुसं आधीच खराब झालेली. तिचा खोकला ऐकला की मला रडूच यायचं.

शेवटी मी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, विचारलं. आबा पवनचक्क्यांचे शास्त्रज्ञ, पण गुडघे गेल्यापासून ते माळावर आलेच नव्हते.

"पुढे कोण असतं म्हणालीस?"

"आत्या. तिच्याआधी दामूअण्णा."

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पंखा लावला. "समोर हात धर. काय होतंय?"

"हवा ढकलतेय."

"हा हवेचा अवरोध (हवेने केलेली अडवणूक). सायकलवर तू हवेवर आदळतेस. वारा समोरून असला तर टक्कर आणखी जोरात होते. टक्कर दुप्पट वेगाने झाली, तर अडवणूक चौपट! आता माझ्या पाठीमागे ये."

मी गेले. पंखा चालूच होता, पण माझे केस जेमतेम हलत होते.

"पुढचा माणूस हवा फोडतो, म्हणून त्याच्या मागे वारा मंदावतो. तू रोज त्या आडोशात असतेस, पोरी. माझी नलू उघड्यावर असते."

"म्हणजे मान देऊन आपणच तिला..."

"पुरे," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

सकाळी मी सगळ्यांना हे सांगितलं, तर आत्याच भडकली. "मला म्हातारी ठरवून मागे ढकलतेस? चल, हो बाजूला!"

माझंही डोकं फिरलं. "तू दामूअण्णांसारखी मरशील, आत्या! मला ते नकोय!"

दामूअण्णांचा मुलगा भिवा माझ्याकडे बघतच राहिला. "अण्णा म्हणायचे, दम लागतो रे. मी म्हणायचो, असं कसं, तुमचा मान आहे..." त्याने आपली सायकल पुढे नेली. आत्या मुकाट्याने मधे आली.

आबांनी सांगितलं होतं, पुढच्याने दमायच्या आत बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचं. पण भिवा हलेचना. समोरून वारा नुसता झोडपत होता. त्याची सायकल डुलायला लागली, तरी तो मान खाली घालून रेटतच होता.

"भिवा!" आत्या ओरडली. माळावर एवढं ओरडण्याइतका दम तिला कितीतरी दिवसांनी उरला होता. "बाजूला हो!"

"राहू दे, नलूताई. मलाच झेलू दे वारा."

"राहू दे काय? एक माणूस घालवलंय आपण. आता तुलाही घालवू?"

भिवा हळूच बाजूला झाला. रांग पुढे सरकली आणि तो रडत रडत शेवटच्या आडोशात शिरला.

केंद्रावर आत्याला खोकला आलाच. गेलेली फुप्फुसं काही परत येणार नव्हती. पण आज ती भिंत न धरता उभी होती. भिवाने डोळे पुसत विचारलं, "उद्या पुढे कोण, नलूताई?"

"ज्याला दम असेल तो," आत्या म्हणाली. "आणि त्याचा संपायच्या आत दुसरा."